कसरीचें बिऱ्हाड

गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमच्या तीर्थरूपांची काश्मिरी शाल पेटींतून बाहेर काढली. त्यांच्या पश्चात् सहा वर्षें ती कोणींहि अंगावर घेतली नव्हती. घेणें आम्हांस अमर्यादपणाचें वाटे. घडी उलगडली, तों तिची चाळण झालेली! आंतून एक करडा, इवलासा पतंग उडाला. नातवानें तो टाळींत चिरडला व म्हणाला, "आजोबा, चोर सांपडला!"

पण तो चोर नव्हेच. कसरीच्या पतंगास खाण्याजोगें तोंड नसतें; प्रजोत्पादन एवढेंच त्याचें कार्य. शाल खाल्ली ती त्याच्या अळीनें. ह्या गोत्रांतील सुपरिचित जातीस लिनीअसनें १७५८ सालीं टिनीया पेलिओनेल्ला हें नांव दिलें. तिची अळी स्वतःच्या रेशमांत लोकरीचे तंतु गुंफून, दोन्ही तोंडांस उघडी अशी नळी विणते आणि हें घर ओढीत फिरते. अंग वाढलें, कीं नळी उभी कापून, शिंपी सदऱ्यास कळी घालतो तशी, मध्यें पट्टी विणते. अठराव्या शतकांत रेओम्यूर ह्या फ्रेंच पंडितानें अळ्यांस निरनिराळ्या रंगांच्या लोकरीवर ठेवून पाहिलें. त्या त्या रंगाचे पट्टे घरांवर उमटले.

लोकर, केस व पिसें ज्या केराटिन द्रव्याचीं बनतात, तें गंधकाच्या बंधांनीं इतकें घट्ट असतें, कीं बहुतेक प्राण्यांस पचत नाहीं, हिला पचतें. तिचें मूळ वसतिस्थान म्हणजे पांखरांचीं घरटीं. तेथें गळलेलीं पिसें संपविणें हें उपकाराचेंच काम होय. आमच्या पेटींत तिला अंधार, निश्चलता आणि घामाचे डाग पडलेली लोकर, असें तिन्ही मिळालें. निव्वळ स्वच्छ लोकरीवर तिचें नीट पोषण होत नाहीं.

तेव्हां उपाय सोपा आहे: लोकरी वस्त्र स्वच्छ करूनच ठेवावें, अधूनमधून काढून झटकावें, ऊन दाखवावें. डांबरगोळ्या मात्र तान्ह्या मुलांच्या कपड्यांत घालूं नयेत. त्यांतील नॅफ्थलीननें कांहीं अर्भकांच्या रक्तास अपाय होतो.

त्याच खोलींत आमच्या मंडळींची धाबळी असते. नित्य पूजेस नेसली जाते, वरचेवर उन्हांत पडते. तिला एकहि भोंक नाहीं. आम्ही जिचा मान राखण्यासाठीं जिला कुलुपांत ठेवली, ती मात्र गेली. शालीचा शाबूत राहिलेला तुकडा रफू करून घेतला आहे. आतां पहांटे तो पांघरूनच मी बसतों.