बोरघाटातले दगडी पूल : ऐकीव गोष्टी आणि कागदावरचा इतिहास

दौंड हे रेल्वेचे गाव. इथे घरटी एखादा माणूस रेल्वेत असतो किंवा होता, त्यामुळे बोरघाटाच्या गोष्टी आपल्याकडे आजोबांपासून नातवांपर्यंत पोहोचलेल्या आहेत. कर्जतला गाडी थांबते, मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात, मग बोगदे, मग दरीवरचे कमानीचे पूल आणि प्रत्येक पुलाची एक कहाणी. कहाण्या सुंदर आहेत, पण त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत. खऱ्या इतिहासात ज्यांना मान मिळायला हवा, ती माणसे या कहाण्यांत कुठेच दिसत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

“आधी घाट झाला, मग रेल्वे दौंडला आली.”

क्रम नेमका उलटा आहे. पुण्याहून दौंडवरून डिकसळपर्यंतचा लोहमार्ग 1858 च्या डिसेंबरात सुरू झाला. 1860 च्या जूनमध्ये गाडी सोलापूरला पोहोचली. घाट मात्र 1863 मध्ये खुला झाला. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते 21 एप्रिलला त्याचे उद्घाटन झाले. म्हणजे मधली चार-साडेचार वर्षे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे दोन तुटक तुकडे होते. खाली मुंबई ते खोपोली, वर खंडाळ्यापासून पुढे. मधला डोंगर प्रवाशांनी पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून चढायचा. दौंडला त्या काळात गाडीत चढलेल्या माणसाला मुंबई गाठण्यासाठी घाटात उतरावेच लागे.

“शिंगरोबा धनगराने वाट दाखवली आणि इंग्रजांनी त्याला गोळी घातली.”

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे आणि जाता-येता लोक तिथे हात जोडतात. त्या श्रद्धेला धक्का लावायचे कारण नाही. मात्र ही लोककथा आहे, तिला कागदोपत्री आधार नाही. शिवाय बोरघाटाची वाट लपलेली नव्हती. व्यापारी तांडे आणि सैन्ये तिथून पिढ्यान्‌पिढ्या जात होती आणि 1830 मध्ये गाडीरस्ताही झाला होता. रेल्वेची अडचण वेगळी होती. बैल जो चढ दमत का होईना चढतो, तो चढ लोखंडी रुळांवर लोखंडी चाकाला चढवत नाही. चाक जागच्या जागी फिरत राहते. म्हणून प्रश्न वाटेचा नव्हता, उताराचा होता.

कंपनीच्या मनात सुरुवातीला माळशेजचा घाट होता. पुढे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी मोजण्या करून उत्तरेकडे थळ आणि आपल्याकडे बोर असे दोन घाट पक्के केले. सुमारे पावणेसोळा मैलांत 1,831 फूट चढायचे, असा बोरघाटाचा हिशेब निघाला. सर्वांत तीव्र चढ 37 फुटांना एक फूट. एवढे करूनही एका ठिकाणी डोंगराने वळायला जागा दिली नाही, तेव्हा गाडी कड्यावर थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने पुढे न्यावी लागे. हे रिव्हर्सिंग स्टेशन 1929 पर्यंत वापरात होते. त्या वर्षी घाटात विजेच्या गाड्या आल्या आणि नवा मार्ग काढून ते वगळले.

“डायनामाइट लावून डोंगर उडवला.”

आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले 1867 मध्ये. घाट त्याच्या चार वर्षे आधी पुरा झाला होता. बोरघाटातले 25 बोगदे साध्या काळ्या बंदुकीच्या दारूने फोडलेले आहेत. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, पहार प्रत्येक घावाला थोडी फिरवायची. भोक पुरेसे खोल झाले की दारू ठासायची, बत्ती लावायची आणि पळायचे. काही जागी कडा इतका सरळ तुटलेला होता की उभे राहायला पाय ठेवण्याइतकीही जागा नव्हती. तिथे माणसांना वरून दोराने सोडत आणि ती लोंबकळत भोके पाडत. आपला काळा पाषाण किती चिवट आहे, हे ज्याने विहीर खोदताना पाहिले आहे त्याला या कामाची कल्पना येईल.

“दगडी पूल म्हणजे अभंग, इंग्रजांचे काम कधी पडले नाही.”

हा सगळ्यांत घट्ट रुजलेला गैरसमज. आजचा एखादा पूल खचला की हे वाक्य हमखास ऐकू येते. घाटात कमानींचे आठ मोठे पूल होते. त्यातला एक, इंग्रजी कागदांत ज्याचे नाव म्हाऊ-की-माळी असे येते, पन्नास-पन्नास फुटांच्या आठ कमानींचा होता. 1867 च्या जुलैमध्ये, ऐन पावसात, तो कोसळला. बांधून पुरा झाल्याला जेमतेम चार वर्षे झाली होती.

दगड कच्चा होता म्हणून हे झाले नाही. दोष बांधणीत होता. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबतो आणि सगळा भार शेवटी खांबावर येतो. असा उंच खांब बाहेरून पाहिला तर घडीव दगडांचे थर दिसतात. आत काय आहे, ते दिसत नाही. आत ओबडधोबड दगडांची भर असते. ही भर चुन्यात नीट बसवलेली हवी, आणि बाहेरचा दर्शनी थर व आतली भर यांना बांधून ठेवायला लांब दगड आत खोलवर घातलेले हवेत. तसे नसेल तर खांब एकसंध राहत नाही. बाहेर दगडाचे कवच आणि आत सुटा ढिगारा, अशी त्याची गत होते. सह्याद्रीचा पाऊस सांध्यांतून आत शिरतो, चुना धुतो, भर फुगते आणि कवच बाहेर ढकलले जाते. हा पूल पडल्यावर कंपनीच्या दगडकामाची तपासणी झाली आणि ठिकठिकाणचे निकृष्ट काम उघड झाले.

चुन्याबद्दलही एक समजूत आहे. गूळ, अंडी, उडदाची डाळ घातली म्हणून जुनी बांधकामे टिकली, असे सांगतात. अशा वस्तू घालण्याची रीत आपल्याकडे होती, हे खरे. पण चुन्याचा जीव भाजणीत आणि मळणीत असतो. चुनखडी नीट भाजली, वाळू किंवा विटांची भुकटी घालून बैलाच्या घाणीत पुरेशी मळली आणि लावल्यावर सावकाश वाळू दिली, तरच तो दगड धरतो. घाटात कामाचे दिवस पावसाळा सोडून उरलेले. मुदत डोक्यावर बसलेली असली की घाई होणार, आणि घाईचे फळ काही वर्षांनी दिसणार.

“घाट इंग्रजांनी बांधला.”

आराखडा आणि पैसा त्यांचा. खर्च सुमारे 11 लाख पौंड झाला. हात मात्र इथले होते. 1861 च्या जानेवारीत घाटावर 42 हजारांहून अधिक माणसे कामाला होती. आपली कुटुंबे घेऊन आलेले मजूर, दगडफोडे, गवंडी, सुतार असे सारे त्यात होते. कमान उभी करायची तर आधी तिच्या आकाराचे लाकडी सेंटरिंग दरीच्या तळापासून उभारावे लागे. त्यावर दोन्ही बाजूंनी सारख्याच वेगाने दगड चढवत नेऊन माथ्यावर चावीचा दगड बसवायचा. शंभर फूट उंचीवर बसून हे काम करणाऱ्या एकाही गवंड्याचे नाव आज कोणाला सांगता येत नाही.

ही माणसे मुकाट राबली, असेही समजू नये. पहिला ठेकेदार विल्यम फेव्हिएल याच्या कामावर मजुरी थकली, तेव्हा 1859 च्या जानेवारीत मजुरांनी उठाव केला. त्याच वर्षी फेव्हिएलने काम सोडले. त्यानंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात उतरल्यावर काही दिवसांतच वारला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका स्वतःकडे घेतला आणि अ‍ॅडमसन व क्लाउजर या दोन अभियंत्यांच्या हाताने काम तडीस नेले. घाटात चाललेल्या कामाची छायाचित्रेही तिच्या नावावर आहेत. एका बाईने हा घाट पुरा केला, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे होते.

कॉलरा आणि तापाने घाटातल्या झोपड्या ओस पाडल्या. किती माणसे मेली याचा अंदाज 25 हजारांच्या घरात सांगितला जातो. तो अंदाजच आहे, पण साथी आल्या आणि माणसे हजारोंनी गेली, यात शंका नाही.

“शिरूरला रेल्वे नाही, कारण मध्ये डोंगर.”

ही समजूत घाटाबाहेरची, पण दौंडच्या शेजारची. बोरघाटासारखा अडथळा दौंड आणि शिरूरच्या मध्ये नाही. दौंड-मनमाड मार्ग 1878 मध्ये सुरू झाला, तो भीमा ओलांडून श्रीगोंद्याच्या बाजूने नगरला गेला आणि घोडनदीकाठचे शिरूर बाजूला राहिले. शहराला आजही स्थानक नाही. या मार्गाचे मातीकाम 1876-78 च्या दुष्काळात कामावर आलेल्या लोकांनी केले. घाटात मजुरांना आणायला मुकादम गावोगाव हिंडले होते. इथे भुकेनेच माणसे भरावावर आणून उभी केली. दौंडहून नगरकडे निघालेली गाडी भीमेचा पूल ओलांडून ज्या भरावावर चढते, त्याची माती त्या माणसांनी पाट्या भरभरून डोक्यावरून वाहिलेली आहे.