कंप कमी, घसीट जास्त!

बर्लिन, १९०३. बहात्तर वर्षांचा एक दाढीवाला गृहस्थ ग्रामोफोनच्या भोंग्यापुढे व्हायोलिन वाजवतोय. नाव योझेफ योआखिम. ब्रॅह्म्सनं आपला एकुलता एक व्हायोलिन कॉन्चेर्तो याच्यासाठी लिहिला, आणि १ जानेवारी १८७९ ला लाइपझिगमध्ये तो पहिल्यांदा वाजवला यानंच. त्याच्या वादनाच्या तबकड्यांच्या पाच बाजू आज उपलब्ध आहेत. नेटवर सहज सापडतात.

हेडफोन लावा आणि ऐका. खरखर सोडून द्या. आजचे वादक सुरागणिक बोट थरथरवतात, तो व्हायब्रेटो इथं अगदी चिमूटभर. उलट एका सुरावरून दुसऱ्यावर बोट चक्क घसरत जातं. मींड ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना यात काही वावगं वाटायचं नाही, पण तिकडच्या संगीतशाळांत ही घसीट शक्यतो ऐकूच येऊ नये, अशी तालीम देतात.

मग हा वयाचा परिणाम? तसं म्हणावं, तर आंद्रेआस मोझरबरोबर त्यानं काढलेलं, १९०५ मध्ये पूर्ण झालेलं व्हायोलिनचं पाठ्यपुस्तक आडवं येतं. त्यातही व्हायब्रेटोच्या अतिरेकाविरुद्ध बजावलंय. म्हणजे ही आवडच होती.

पण पुस्तकं वाचून बोटं थोडीच कळतात! डेव्हिड मिल्समसारखे इंग्लंडमधले वादक-संशोधक म्हणूनच स्वतः वाजवून बघतात. स्टीलऐवजी मेंढीच्या आतड्याच्या तारा, खांद्यावरची गादी गायब. आता व्हायोलिनचा भार डाव्या हातावरही येतो. हात मोकळा राहत नाही, त्यामुळे मोठा, सततचा कंप अवघडच. योआखिमनं स्वरलिपीत छापलेले बोटांचे आकडेही मग बोलायला लागतात. लागोपाठ दोन सुरांना एकच बोट? नुसतं बघताना विचित्र वाटतं. वाजवलं की कळतं, घसीट त्याला हवीच होती.

यात रिस्कही आहे बरं का. आज ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला कुणी असं वाजवलं, तर परीक्षकांच्या भुवया वर जाणारच. शिवाय रेकॉर्डची हुबेहूब नक्कल म्हणजे मिमिक्रीच की. मला विचाराल तर खरी मजा पुढेच आहे, कारण ब्रॅह्म्सचा तो कॉन्चेर्तो योआखिमनं रेकॉर्ड केलाच नाही. तो त्याच्या हातून कसा वाजला असेल, ते शोधायला कुणालातरी त्या जुन्या तारा चढवून उभं राहावं लागतं.