लष्करावर लिहिण्याचा अधिकार कोणाचा?

लष्कर, युद्ध, संरक्षण हा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेले वाक्य तोंडावर फेकले जाते. 'तुम्ही कधी हातात बंदूक धरली आहे काय? नसेल तर गप्प बसा.' वरवर हे वाक्य देशभक्तीचे वाटते, पण मुळात ते लोकशाहीविरोधी आहे. ज्या देशाचा संरक्षणमंत्री लोकांमधून निवडून आलेल्या सरकारचा घटक असतो, ज्या देशाच्या राज्यघटनेने कलम ५३ अन्वये संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आहे आणि जेथे सैन्याच्या प्रत्येक रुपयाला लोकसभेची मंजुरी लागते, त्या देशात सैन्यावर लिहिण्याचा मक्ता फक्त गणवेशधाऱ्यांचा कसा असू शकतो?

कायद्याचा विद्यार्थी म्हणून मला तर याच्या उलट दिसते. घटनेच्या कलम ३३ ने सैन्यातील व्यक्तींचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला. त्यानुसार लष्कर अधिनियम, १९५० चे कलम २१ आणि १९५४ चे लष्कर नियम आले. सेवेत असलेला जवान अथवा अधिकारी परवानगीशिवाय लष्करी विषयावर वर्तमानपत्रात लिहू शकत नाही. शिस्तीसाठी हे बंधन असेल, त्याबद्दल तक्रार नाही. २०२१ साली तर गुप्तचर व सुरक्षाविषयक संघटनांतून निवृत्त झालेल्यांवरही पेन्शन नियमांद्वारे पूर्वपरवानगीची अट कडक करण्यात आली. म्हणजेच ज्याला आतले माहीत आहे त्याने लिहायचे नाही, आणि जो बाहेर आहे त्याला 'तुला काय कळते' म्हणून गप्प करायचे. मग बोलायचे कोणी? सबब, नागरिकाने लष्करी विषयावर लिहिणे ही आगळीक नसून लोकशाहीची गरज आहे.

आपल्या चळवळीला हे नवीन नाही. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी पलटणीत रक्त सांडले त्यांना 'लढवय्या जाती'च्या यादीतून वगळण्यात आले. त्याविरुद्ध पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्याकडे निवेदन धाडले. कांबळे हे काही सेनापती नव्हते. ते 'सोमवंशीय मित्र' चालविणारे संपादक, कार्यकर्ते होते. तरीही साम्राज्याच्या भरतीधोरणावर त्यांनी प्रश्न उभा केला. पुढे १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ साली ती मोडली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नियुक्ती झाली होती.

बाबासाहेब बॅरिस्टर होते, अर्थशास्त्रज्ञ होते. रणांगणावर त्यांनी सैन्य चालविले नव्हते. तरीही १९४० च्या अखेरीस लिहून पूर्ण केलेल्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथात त्यांनी हिंदुस्थानच्या संरक्षणाची जी चिकित्सा केली, ती आजही आपल्या तरुणांनी समोर ठेवावी अशी आहे. फाळणी झाली तर संरक्षण दुबळे होईल काय, हा त्या वेळचा प्रश्न होता. बाबासाहेबांनी त्याचे तीन भाग केले : सरहद्द, साधनसंपत्ती आणि सैन्य. प्रत्येक भाग आकड्यांच्या कसोटीवर घासला.

सैन्याच्या रचनेचे आकडे सरकार सहजासहजी देत नव्हते. मध्यवर्ती कायदेमंडळात विचारलेल्या प्रश्नांना टाळाटाळीची उत्तरे मिळत होती, आणि ती टाळाटाळही बाबासाहेबांनी ग्रंथात नोंदवून ठेवली. मग आकडे आले कोठून? कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात १९३०-३१ साली 'लढवय्या जातीं'वर एक लेखमाला छापून आली होती. तिचे लेखक नीरद चौधुरी हेही सैनिक नव्हते. काही काळ त्यांनी लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली होती. त्या लेखांतील तक्त्यानुसार पंजाब, सरहद्द प्रांत आणि काश्मीर या भागाचा सैन्यातील वाटा १९१४ साली ४७ टक्के होता, तो १९३० साली ५८.५ टक्क्यांवर गेला. एकट्या पंजाबी मुसलमानांचे प्रमाण ११.१ वरून २२.६ टक्के झाले. उलट दक्षिणेचा वाटा १६ वरून ५.५ टक्क्यांवर घसरला. एका माजी कारकुनाने गोळा केलेले आकडे एका बॅरिस्टरने वापरले आणि साम्राज्य ज्यावर मौन पाळत होते तो प्रश्न चव्हाट्यावर आणला. शौर्य ही रक्तातून येणारी गोष्ट नाही, १८५७ मध्ये इंग्रजांना कोणी साथ दिली यावरून ही यादी ठरली, हे त्यांनी दाखवून दिले. हे लष्करी विश्लेषण नव्हे तर काय?

या विश्लेषणातून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष असा की सुरक्षित सरहद्दीपेक्षा भरवशाचे सैन्य अधिक मोलाचे. वायव्येकडून आक्रमण झाल्यास त्या भागातील मुस्लिम सैनिक कोणाच्या बाजूने उभे राहतील, अशी शंकाही त्यांनी मांडली. त्या शंकेशी आज कोणी सहमत असेल, कोणी नसेल. स्वतंत्र भारताच्या सैन्यातील ब्रिगेडियर महंमद उस्मान १९४८ साली काश्मीरच्या लढाईत धारातीर्थी पडले. १९६५ मध्ये खेमकरणला अब्दुल हमीद यांनी प्राण दिले आणि परमवीर चक्र मिळविले. हा इतिहासही आकड्यांइतकाच खरा आहे. विश्लेषण म्हणजे पोथी नव्हे, ते तपासण्यासाठीच असते. तपासायला आपल्याला बाबासाहेबांनीच शिकविले. पण तपासण्यासाठी आधी कोणीतरी लिहावे लागते!

कारगिल युद्धानंतर १९९९ साली सरकारने चौकशीसाठी समिती नेमली तेव्हा तिचे अध्यक्ष कोण होते? के. सुब्रह्मण्यम, एक सनदी अधिकारी. चार सदस्यांत लष्करी म्हणावेत असे एकटे निवृत्त लेफ्टनंट जनरल हजारी. बी. जी. वर्गीस पत्रकार, तर सतीश चंद्र राजनैतिक सेवेतले. त्या समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, २००० साली लोकांसमोर आला. याउलट १९६२ च्या पराभवाची मीमांसा दोन लष्करी अधिकाऱ्यांनी केली. तो हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ पासून कुलुपात आहे. माहिती अधिकाराखाली तो मागितला गेला, तेव्हा २०१० साली केंद्रीय माहिती आयोगाने नकार दिला. जे झाकून ठेवले जाते त्यातून पुढची पिढी शिकणार कशी?

आता धोक्याविषयी. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आजही जिवंत आहे. त्याच्या कलम ३ खाली, लष्करी माहितीचा संबंध असेल तर १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ५ खाली तर गुप्त माहिती स्वीकारणे हाही गुन्हा ठरतो. पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना जून २००२ मध्ये याच कायद्याखाली अटक झाली. त्यांच्या संगणकात काश्मीरमधील सैन्याच्या संख्येविषयी माहिती सापडली होती, पण ती पाकिस्तानातील एका संस्थेने कधीचीच उघडपणे छापलेली होती. सात महिने तुरुंगात काढल्यावर जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला. ते सात महिने त्यांना कोण परत देणार?

म्हणून घाबरून गप्प बसावे काय? मुळीच नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(२) नुसार लोकहित वरचढ असेल तर गुपिते कायदा असूनही माहिती देता येते. राफेल प्रकरणात वर्तमानपत्राने छापलेली कागदपत्रे पाहूच नयेत, हा केंद्राचा प्राथमिक आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी फेटाळला. पुढे त्याच वर्षी फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या हेही खरे, पण छापील कागद न्यायालयात वाचता येतो हे तत्त्व राहिले.

आपल्या तरुणांना माझे सांगणे इतकेच. चालू हालचाली, तुकड्यांची ठाणी, आतून फुटलेला कागद यांना हात लावू नका. त्याची गरजही नाही. संरक्षण खात्याच्या अनुदान मागण्या, संसदेच्या स्थायी समितीचे अहवाल, लोकसभेतील प्रश्नोत्तरे, कॅगचे अहवाल हे सारे उघड दस्तऐवज आहेत. २०१७ साली कॅगने सांगितले की दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नव्हता. हे कोणा हेराने चोरलेले गुपित नव्हते, संसदेपुढे ठेवलेला कागद होता. तो आपल्यापैकी किती जणांनी वाचला?

हे वाचणे आपल्यासाठी चैन नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर फार तर २५ टक्के जणांना कायम सेवा, उरलेल्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी, पेन्शन नाही. शेतमजुराच्या, अल्पभूधारकाच्या, वस्तीतल्या पोराला सैन्याची नोकरी म्हणजे घराचा आधार होता. त्या आधाराचे काय झाले, चार वर्षांचा सैनिक सैन्याच्या लढाऊ क्षमतेला पोषक की मारक, याची चर्चा निवृत्त सेनानींनी स्टुडिओत बसून केली. ज्यांची मुले पहाटे उठून रस्त्यावर धावतात, त्यांच्या बाजूने किती लेख आले?

भरतीच्या रांगेत आपण, शहिदांच्या यादीत आपण, आणि धोरणाच्या चर्चेत मात्र दुसरेच, ही वाटणी आपल्याला मान्य आहे काय? १९१० साली कांबळ्यांनी ती मान्य केली नाही. १९४० साली बाबासाहेबांनी मान्य केली नाही. सरकारी आकडे हाती घ्या, पडताळा, आपल्या नावाने लिहा आणि छापा. चुकलात तर कोणी खोडून काढील, त्यातून विचार पुढेच जाईल. मौनातून मात्र काहीच पुढे जात नाही.

जयभीम!