बॉम्बे जातीचे मांजर

'बॉम्बे' हे नाव ऐकून ही मांजराची जात आपल्या मुंबईची असावी असे कोणासही वाटेल. परंतु तसे नाही. अमेरिकेतील केंटकी राज्यात, लुईव्हिल शहरी, निकी हॉर्नर नामक बाईंनी १९५८ च्या सुमारास तिची पैदास आरंभिली. तपकिरी ब्रह्मी मांजर व आखूड केसांचे काळे अमेरिकन मांजर यांच्या संकरातून हिंदुस्थानातील काळ्या बिबट्याची लहानशी प्रतिकृती साधावी, हा त्यांचा हेतू होता. म्हणून हे नाव.

याचे केस आखूड, अंगालगत बसलेले व मुळापर्यंत काळेभोर असून डोळे तांब्यासारखे असतात. स्वभाव लाघवी; ते घरच्या माणसांमागे हिंडते, उबेसाठी मांडीवर बसते. एकटेपणा त्यास मानवत नाही.

निगा थोडकीच. आठवड्यातून एकदा ओलसर हात अंगावरून फिरविला म्हणजे गळालेले केस निघून तुकतुकी येते. मात्र मांजर मूळचे मांसाहारी. मांसमासळीतील टॉरिन हे द्रव्य न मिळाल्यास त्याची दृष्टी व हृदय बिघडते. सबब नुसती दूधपोळी पुरत नाही. कांदा-लसूण त्यास विषासमान होय. रेबीजची लस अवश्य टोचवावी.

विद्यार्थिमित्रहो, ज्या काळ्या रंगासाठी त्या बाईंनी वर्षानुवर्षे खटपट केली, तोच रंग आमच्या संभाजीनगरच्या गल्लीतील मांजरास अंगचाच लाभतो. आणि ते आडवे गेले की आम्ही अपशकुन मानून दगड उचलतो! त्याजपाशी वंशावळीचा कागद नसेल, पण तहानभूक तीच आहे. वैशाखात दाराशी सावलीत पाण्याची एक वाटी तेवढी ठेवावी.