बोगदायंत्रांचे नामकरण

लंडन शहराच्या उदरातून पूर्व-पश्चिम रेल्वे नेणाऱ्या क्रॉसरेल प्रकल्पात २०१२ ते २०१५ या काळात सुमारे एक हजार टन वजनाच्या आठ अजस्र यंत्रांनी ४२ किलोमीटर लांबीचे बोगदे खोदले. आणि नाव मुक्रर झाल्याखेरीज यंत्र चालू करावयाचे नाही, व ते नाव स्त्रीचेच असावे, हा बोगदेकामगारांचा रिवाज तेथे निष्ठेने पाळला गेला. या रिवाजाचा संबंध खाणकामगारांची संरक्षक मानल्या जाणाऱ्या संत बार्बरेशी जोडतात.

जाण्यायेण्याचे बोगदे समांतर असल्यामुळे यंत्रे जोडीने चालतात, म्हणून नावेही जोडीने योजिली. पहिल्या सहा नावांसाठी जनतेकडून सूचना मागविण्यात आल्या. फिलिस आणि एडा या जोडीत लंडनच्या रस्त्यांचा नकाशासंग्रह सिद्ध करणाऱ्या फिलिस पिअरसॉल आणि गणनयंत्राच्या आद्य अभ्यासक एडा लव्हलेस यांचे स्मरण आहे. एलिझाबेथ आणि व्हिक्टोरिया या राण्या. जेसिका आणि एली या ऑलिंपिक व पॅरालिंपिक स्पर्धांतील विजेत्या. परंतु सर्वांत औचित्यपूर्ण नावे मला मेरी आणि सोफिया हीच वाटतात. ही यंत्रे थेम्स नदीखालून गेली. आणि त्याच नदीखालचा, १८४३ साली खुला झालेला पहिला बोगदा ज्या मार्क ब्रूनेल यांनी स्वतः कल्पिलेल्या संरक्षक ढालीच्या साह्याने खणला, त्यांची सोफिया ही पत्नी, तर मेरी ही त्यांची स्नुषा. आजचे बोगदायंत्र त्या ढालीचेच वंशज आहे.

मुंबईच्या तिसऱ्या मेट्रो मार्गिकेवरील यंत्रांना मात्र गोदावरी, कृष्णा, वैतरणा, तानसा अशी नद्यांची नावे दिली गेली. त्यांपैकी वैतरणा आणि तानसा या मुंबईला पाणी पुरविणाऱ्या नद्या होत.