मावळ्याच्या धोंड्याला वजन कुठून आलं

दिवाळीत पडवीत केलेला किल्ला यंदा आम्ही लगेच मोडला नाही. भाचीला त्याची फिल्म करायची होती. तटावरचा मावळा दोन्ही हातांनी धोंडा उचलतो आणि खाली लोटून देतो, एवढीच गोष्ट, बारा सेकंदांची. सेकंदाला 12 फोटो धरले तर 144. दर फोटोआधी मावळ्याला जरासं हलवायचं, हात बाजूला घ्यायचा, मग फोटो. दिवसा ऊन सरकतं आणि सावल्या नाचतात, म्हणून सगळं काम रात्री, एका जागी बांधलेल्या दिव्यांवर.

बाजारातले मावळे एकाच पवित्र्यात कायमचे उभे, त्यामुळे 16 सेंटिमीटरचा मावळा घरीच केला. आत अ‍ॅल्युमिनियमची तार, दुपदरी पिळून. लोखंडी तार वाकवून सोडली की थोडी परत उसळते. अ‍ॅल्युमिनियमची जिथे वाकवाल तिथे राहते. पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की ती आधी ताठर होते आणि मग तुटते. आमच्या मावळ्याचा डावा गुडघा नव्वदाव्या फोटोला असाच गेला. शाडू वाळून तडकतो, म्हणून तारेवर तेलात मळलेली, न वाळणारी माती. तळपायांत टाचण्या, त्या तटात रोवलेल्या.

खरी अडचण आली धोंड्याची. तट वीतभर उंच, म्हणजे साधारण 22 सेंटिमीटर. कागदाच्या लगद्याचा धोंडा मागून बारीक तारेनं धरला आणि दर फोटोला सारख्या अंतरानं खाली आणला. पडद्यावर पाहिलं तर तो पडतच नव्हता. विहिरीत पोहरा सोडावा तसा संथ उतरत होता.

या छोट्या जगात गुरुत्वाकर्षण नसतंच. वस्तू आपण ठेवू तिथे राहते. तिचं पडणं आपल्यालाच मोजून घालावं लागतं. गॅलिलिओनं उतारावरून गोळे सोडून हे मोजलं होतं: सारख्या वेळांत कापलेली अंतरं 1, 3, 5, 7 अशी वाढत जातात. खरा दगड सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात 3.4 सेंटिमीटर पडतो. आमचा मावळा माणसाच्या एक दशांश, म्हणून आमच्यासाठी 3.4 मिलिमीटर. पुढच्या फोटोला 10, मग 17, मग 24. आठव्याला 51, आणि सगळ्यांची बेरीज बरोबर ती वीत! दुसऱ्यांदा फिल्म लावली, धोंडा आदळला, आणि भाचीनं आपला पाय मागे घेतला.

उचलण्याचंही तसंच. धोंड्याला हात लावल्यावर पाच फोटो तो हललाच नाही. फक्त मावळ्याचे गुडघे वाकत गेले, पाठ ताणली गेली. त्या पाच फोटोंत लगद्याचा गोळा जड झाला.

फोटोंच्या मधल्या रिकाम्या जागा भरतं कोण? दृष्टिसातत्य, म्हणजे डोळ्यांत चित्र क्षणभर टिकतं, असं आपण शाळेत शिकलो. पण तेवढ्यानं भागत नाही. चित्रं नुसती टिकून राहिली तर ती एकमेकांवर चढतील, हलणार नाहीत. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमरनं 1912 मध्ये याचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोन वेगळ्या जागी दोन रेघा एकापाठोपाठ, साधारण 60 मिलिसेकंदांच्या अंतरानं दाखवल्या तर माणसाला एकच रेघ सरकताना दिसते. गती मेंदू घडवतो. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं: धोंड्याचा प्रवास एकाही फोटोत नाही, तरी तो आम्ही दोघांनी पाहिला.

काम चार रात्री चाललं. किल्ल्यावर अळीव पेरलेला होता, हे मात्र आम्ही विसरलो. फिल्ममध्ये मावळा वाकतो तोवर त्याच्यामागे गवत टचकन् बोटभर वर येतं. दादासाहेब फाळके यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी वाटाण्याचं रोप उगवताना असंच टप्प्याटप्प्यानं टिपलं होतं. पुढे 1915 मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यात काड्या हातानं सरकवलेल्या होत्या. अळिवाचा तो भाग पुन्हा काढू या का, असं मी विचारलं. भाची नको म्हणाली. आता ती गवत नेमकं किती वाढलं ते पट्टीनं फोटोंवर मोजते आहे.