उन्हाळ्यातील सांघिक दौड

वैशाखात जबलपूरचा पारा दुपारी ४० अंशांपलीकडे जातो. नर्मदेच्या ग्वारीघाटावरील पहाटेचा गारवाही सूर्य वर येताच ओसरतो. अशा दिवसांत दर आठवड्याला लांब पल्ल्याची दौड करणाऱ्या मंडळींत नवखा माणूस सामील झाला, की सोबत्यांच्या वेगाशी बरोबरी करण्याचा मोह त्याला आवरत नाही. परंतु उष्म्याची सवय जडावयास शरीराला सुमारे १० ते १४ दिवस लागतात. त्या अवधीत रक्तातील द्रवांश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यावाटे जाणारे मीठ घटते. आठवड्यातील एका दौडीने हे साधत नाही. मधल्या दिवसांतही थोडेथोडे धावावे लागते.

उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांवर जाते आणि बुद्धी भ्रमते. आपले भान सुटल्याचे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. ते शेजारच्याला कळते. असंबद्ध बोलणाऱ्या, अडखळणाऱ्या गड्यास तत्काळ सावलीत न्यावे, थंड पाण्याने भिजवून वारा घालावा आणि वैद्यकीय मदत बोलवावी. म्हणून नवख्याने मागे राहण्याची लाज बाळगू नये, आणि जुन्यांनी त्याला एकटे सोडू नये.